गुडघाभर पाण्यातली होडी

घट्टोबाचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नाही असं नव्हे, पण ते वापरायची वेळच येत नाही. हा माणूस होड्या बांधतो, आणि लाकडाला लाकूड असं काही जोडतो की त्या सांध्यातून पाणी तर सोडाच, चहाडीसुद्धा बाहेर पडणार नाही. म्हणून घट्टोबा.

होडीला हे ठीकच आहे. पण फावल्या वेळात त्याने गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराला एखादी पेटी, एखादं कपाट, एखादा खण प्रेमाने करून दिलाय, आणि खरी पंचाईत तिथे आहे. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना मशीनचा खण उघडायचा तर एक पाय भिंतीला लावून ओढावं लागतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने औषधांचं कपाट करून घेतलं आणि वर्षभरात त्याचे दंड पैलवानासारखे झाले. घरोघरी घट्टोबाच्या वस्तूशेजारी खिळ्याला एक चपटं उलथणं टांगलेलं असतं, फटीत घालून उचकटायला. स्वयंपाकघरातलं उलथणं बैठकीच्या खोलीत काय करतंय, असं नवखा पाहुणा विचारतो, आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघून खोकतात. घट्टोबाला यातलं काही कळत नाही. त्याच्या समोर सगळे म्हणतात, "काय काम आहे! फट म्हणून शोधून सापडणार नाही." आणि ते खरंही असतं.

गल्लीत त्याला सगळे 'अरे' म्हणतात आणि त्याच्या बायकोला 'अहो वहिनी'. त्या घरात कुणाचा शब्द चालतो, हे यावरून ज्याने त्याने ताडावं. एका बाबतीत मात्र वहिनींचंही काही चालत नाही, आणि ती बाब म्हणजे अक्का.

अक्का ही घट्टोबाची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील कामावर, तेव्हा या शेंडेफळाला न्हाऊ घालण्यापासून नाक पुसण्यापर्यंत सगळं अक्काने केलं. घर खाडीच्या पलीकडच्या काठावर, आणि होड्या बांधायची शेड अलीकडे. पलीकडच्या काठाचं पाणी म्हणजे नावाला पाणी. भरतीला गुडघाभर, ओहोटीला नुसता चिखल आणि शिंपले. धाकटा काम शिकायला लागला तेव्हा अक्का त्याला पाठंगुळीला घेऊन तो चिखल तुडवायची, मधल्या वाळूपर्यंत आणून सोडायची, आणि तिथून शेडचा म्हातारा मिस्त्री त्याला डोणीतून न्यायचा. पाठीवर बसलेला धाकटा तिची वेणी दोन्ही मुठींत धरून ठेवायचा, लगामासारखी. "अरे, सैल धर, मान मोडशील माझी," असं ती ओरडली की तो आणखी घट्ट धरायचा. पडू नये म्हणून नव्हे. वाळूवर पोचलं की ती मागे फिरणार, हे त्याला माहीत असायचं म्हणून.

अक्काने ते घर लग्नानंतरही सोडलं नाही, नवराच तिथे राहायला आला. भला माणूस होता. तो गेला, लेक दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच रमली, आणि अक्का त्या घरात एकटी उरली. सोबतीला दोन गुडघे, दोन्ही कुरकुरणारे.

तेव्हापासून ओढाताण सुरू झाली. लेक फोनवरून म्हणायची, "आई, बस झालं आता, माझ्याकडे ये." घट्टोबा दर आठवड्याला रस्त्याने खाडीला वळसा घालून जायचा आणि म्हणायचा, "तिकडे कुठे जातेस लांब? माझ्याकडे ये." नुसतं म्हणून तो थांबला नाही. मागची खोली त्याने अक्कासाठी तयार केली. पलंग केला, कपाट केलं, नवं दार बसवलं. दार असं चपखल बसलं की पहिल्याच दिवशी वहिनी आत अडकल्या. घट्टोबा शेडवर गेलेला. दुपारपर्यंत खिडकीच्या गजांतून वहिनी गल्लीशी गप्पा मारत होत्या आणि गल्ली आळीपाळीने त्यांना चहा पोचवत होती. शेवटी शिंपीणबाई उलथणं घेऊन आल्या.

"तुमच्या बहिणीला राहायला बोलावताय की कैदेत टाकताय?" वहिनींनी संध्याकाळी विचारलं.

"लाकूड नवं आहे. बसेल."

"बसलंय की! उठत नाहीये, हे दुखणं आहे."

लेकीला दुखवायचं नाही आणि भावालाही नाही, अशा कात्रीत सापडलेल्या अक्काने एकदा हसत हसत बोलून टाकलं, "धाकट्या, तुझी होडी माझ्या दारात आण. मग त्यातच बसून येते तुझ्याकडे."

तिला वाटलं, आता हा गप्प बसेल. कारण त्याच्या होड्या तिच्या दारात येऊ शकत नाहीत हे लहान पोरालाही कळत होतं. शिडाच्या होडीला बुडाखाली कणा असतो. पाण्यात खोलवर उतरलेला, माशाच्या परासारखा, पण उभा. वारा शिडाला बाजूने ढकलतो तेव्हा हा कणा पाण्याला धरून ठेवतो आणि होडी आडवी घसरण्याऐवजी पुढे जाते. घट्टोबाचे कणे माणूसभर खोल. त्या होड्या मोठ्या धक्क्यालाच लागायच्या, आणि धक्क्यावरून होडीत उतरायला उभी लोखंडी शिडी होती. अक्काच्या गुडघ्यांना ती जमणारी नव्हती. एकदा घट्टोबाने तिला खुर्चीत बसवून दोराने खाली सोडायचा बेत केला होता. अक्का खुर्चीत बसली, खाली पाणी बघितलं, आणि तशीच उठली. "मी काय पिंप आहे?" एवढंच म्हणाली. सबंध आयुष्य भाऊ होड्या बांधत राहिला आणि त्याच्या एकाही होडीत बहिणीचं पाऊल पडलं नव्हतं.

त्यामुळे अक्काचं बोलणं घट्टोबाने चेष्टा म्हणून घेतलंच नाही. अट म्हणून घेतलं. घरी येऊन वहिनींना म्हणाला, "अक्का कबूल झाली."

"कशाला?"

"यायला. होडी दारात नेली की येते म्हणाली."

वहिनींनी कपाळावर हात मारला. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं वाक्य गिळलं, आणि वहिनींनी वाक्य गिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

घट्टोबाने मग एक लहानशी होडी बांधायला काढली, उचलत्या कण्याची. ही कल्पना त्याच्या डोक्यातली नव्हे, उथळ पाण्याचे लोक अशा होड्या बांधतात हे त्याला ठाऊक होतं. आजवर तो त्यांना नाकं मुरडत आला होता, इतकंच. होडीच्या मधोमध, आतल्या बाजूला, एक उंच अरुंद पेटी. बुडाला तेवढीच लांब चीर. पेटीत पोलादाचा जाड पाटा, आणि वर एक छोटा रहाट. दांडा एकीकडे फिरवला की पाटा चिरीतून खाली पाण्यात उतरतो, हा झाला कणा. उलटा फिरवला की पाटा वर पेटीत येऊन बसतो, आणि होडीचं बूड ताटासारखं सपाट. सुकाणूसुद्धा वर उचलता येणारं. मग गुडघाभर पाणी असलं तरी बास.

शेडवर टोमण्यांना ऊत आला. "कणा खाली-वर होणारा? उद्या घडीची डोलकाठी करशील, म्हणजे खिशात घालून हिंडता येईल." घट्टोबा मान वर न करता रंधा मारत राहिला.

वहिनी एकदा होडी बघायला गेल्या. आत वाकून पाहिलं तर मधोमध ती पेटी, दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या.

"अहो, घराच्या मधोमध भिंत घातलीत की! इकडे बसलेल्याला तिकडचा दिसणार कसा?"

"वर फळी बसवतोय. टेबल म्हणून वापरता येईल."

"आणि हा पाटा? हलतोय का?"

घट्टोबाने रहाटाचा दांडा फिरवला. पाटा खाली गेला, वर आला. पेटीच्या भिंतीला घासल्याचा आवाज नाही. चरबी लावलेली, सगळं लोण्यासारखं. वहिनींनी फटीत नख घालून बघितलं. नख गेलं नाही.

"जरा सैल ठेवा की हो. खाली-वर जायचंय ना त्याला?"

"सैल ठेवलं तर लाटेवर खडखडेल. खडखडणारी होडी माझी नव्हे."

वहिनींनी घरी येऊन खिळ्यावरचं उलथणं काढलं आणि होडीत न्यायच्या पिशवीत तळाशी ठेवून दिलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

दिवस ठरला. सकाळच्या भरतीला घट्टोबा आणि वहिनी निघाले. खोल पाण्यात कणा खाली होता, होडी अशी सरळ चालली की घट्टोबा शीळ घालू लागला. मधली वाळू जवळ आली तसा त्याने रहाट फिरवला, कणा वर घेतला, सुकाणू उचललं, शीड उतरवून बांबूने ढकलायला लागला. खाली चिखल दिसत होता, शिंपले दिसत होते, आणि होडी त्यांच्यावरून अलगद सरकत होती. याच चिखलातून तो कधीकाळी पाठंगुळीला बसून गेला होता. तेव्हा हा चिखल त्याला वरून दिसायचा तो वेणीच्या पलीकडे.

अक्का दारात बसून उशीचा अभ्रा शिवत होती. होडीचं पुढचं टोक तिच्या पायरीपाशी येऊन टेकलं. तिने सुई अभ्र्यात खोचली, चष्मा कपाळावर चढवला, आणि होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली.

"आणली," घट्टोबा म्हणाला.

"दिसतेय."

मग अक्काने डोळे पुसले आणि आवाज चढवला, "चहा प्यायला आत येणार आहात की होडीतच बसून राहणार?"

चहा झाला, जेवण झालं, आणि तेवढ्यात ओहोटीने आपलं काम केलं. पाणी गेलं आणि होडी चिखलावर बसली, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी, सरळ आणि समाधानाने. घट्टोबा तिच्याभोवती फिरून आला. त्याच्या कुठल्याच होडीचं बूड आजवर जमिनीला लागलं नव्हतं. लागलं असतं तर ती आडवी पडली असती. तो हरखून गेला. त्या बुडाखाली, त्या चिरीत, चिखलाबरोबर काय काय वर दाबलं जातंय याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. खोल पाण्याचा माणूस, त्याला सवयच नव्हती.

अक्का काठी टेकत आली. कठडा मांडीएवढाच उंच होता. वहिनींनी एक हात धरला, घट्टोबाने दुसरा, आणि अक्का होडीत उतरली. आत जाऊन बसली. पेटीवरून हात फिरवला, फळीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"फट नाही रे कुठे."

"नाही," घट्टोबा म्हणाला. त्याचं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

तिची बोचकी होडीत आली. ती किती दिवसांसाठी आहेत हे कुणी विचारलं नाही आणि अक्काने सांगितलं नाही. घट्टोबाने मात्र मनात ठरवून टाकलं होतं. एकदा मागच्या खोलीत ती बसली की झालं. मग भाची रागावेल, चार दिवस फोन उचलणार नाही, होईल शांत.

दुपार कलली आणि पाणी परतलं. होडी हलली, उचलली गेली, तरंगायला लागली. घट्टोबाने बांबूने ढकलत तिला जरा खोलात आणलं, शीड चढवलं, आणि ऐटीत रहाट फिरवला. दोर सैल पडला. पाटा हलला नाही.

त्याने आणखी फिरवला. दोराची वेटोळी पेटीवर जमली. पाटा जिथल्या तिथे.

"काय झालं?" वहिनी पेटीच्या त्या बाजूने म्हणाल्या.

"काही नाही."

होडीला मात्र झालं होतं. शिडात वारा भरला, आणि खाली पाण्याला धरायला काहीच नसल्यामुळे होडी पुढे जायचं सोडून सरळ आडवी चालायला लागली. तोंड घट्टोबाच्या घराकडे आणि चाल काठाकाठाने, खेकड्यासारखी. वारा त्याच्याच धक्क्याकडून तिरका येत होता. घट्टोबाने शीड इकडे ओढलं, तिकडे ओढलं. होडीने दाद दिली नाही. शेवटी त्याने शीड उतरवलं, तर वारा नुसत्या होडीलाच ढकलत राहिला.

आणि मग अक्काच्या काठावरची एकेक घरं समोरून सरकायला लागली, जणू बाजार मांडलाय आणि अक्का तो बघत चाललीय. धोबीणबाई अंगणात कपडे वाळत घालत होती, ती तशीच थांबली.

"अक्का! कुठे निघालात?"

"भावाकडे!" अक्का हात हलवून म्हणाली.

"भावाचं घर तिकडे आहे!"

"ठाऊक आहे गं! जरा गाव बघून मग जाणार!"

पुढे निवृत्त मास्तर ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, होडी डावीकडून उजवीकडे गेली, तशी त्यांची मानही गेली. अक्काने त्यांनाही हात हलवला. घट्टोबाने मात्र टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. सबंध आयुष्यात त्याची होडी अशी आडवी चालली नव्हती, आणि चालली ती बहीण आत बसल्या दिवशी.

"वन्सं, भीती नाही ना वाटत?" वहिनींनी विचारलं.

"कसली भीती? कंबरेएवढं पाणी आहे. बुडायचं म्हटलं तर ओणवं व्हावं लागेल." अक्काचे गाल लाल झाले होते. वाऱ्याने पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिने तो सावरलाही नव्हता.

होडी मधल्या वाळूच्या टोकाला लागली आणि थांबली. भरती चढतीच होती, थोड्या वेळात आपोआप सुटणार होती. घट्टोबाने नांगर टाकला आणि आत येऊन पेटीवरची फळी काढायला लागला. फळी निघेना. तीही त्यानेच बसवली होती.

वहिनींनी पिशवीच्या तळातून उलथणं काढलं आणि पुढे केलं.

घट्टोबा उलथण्याकडे बघत राहिला. "हे इथे कशाला?"

"अहो, सगळ्या गल्लीत आहे. घरोघरी. तुमच्या प्रत्येक वस्तूशेजारी." वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

त्याने उलथणं घेतलं. फळी उचकटली. आत वाकून बघितलं तर पाटा आणि भिंतीच्या मधे चिखल, आणि चिखलात शिंपल्यांचे बारीक तुकडे, पाचरीसारखे ठोकून बसलेले. नख जायला जागा नव्हती तिथे ते खालून दाबाने शिरले होते आणि आता हलायला तयार नव्हते. बोटभर फट असती तर सगळं धुऊन गेलं असतं. त्याला हे बघताक्षणी कळलं, आणि तो तसाच वाकून बसून राहिला.

तेवढ्यात अक्काचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम मोठ्या आवाजात. सगळ्या होडीला ऐकू जाणार.

"आई, पोचलीस मामाकडे?"

"निघालोय. वाटेत थांबलोय जरा."

"होडीत वाटेत कसले थांबता गं? बरं, ही घे, हिला बोलायचंय."

मग नातीचा चिमुकला आवाज आला. "आजी, तू मामाआजोबांकडे किती दिवस राहणार?"

"बघू हं."

"कारण शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत मी जिन्यात बसते ना. शेजारच्या काकू कधी कधी घरी नसतात. तू आलीस की मी घरात बसणार. आपल्या दोघींसाठी खिडकीपाशी जागा ठेवलीय मी. तिथून बस दिसते. मग तू कधी येणार?"

अक्काने फोन दोन्ही हातांनी धरला होता, कानाला नव्हे, छातीपाशी, चिमणीचं पिल्लू धरावं तसा. "येते हं," ती म्हणाली. मग घट्टोबाकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाली, "म्हणजे, बघते हं."

फोन ठेवला. पाणी वाळूवर चुळूचुळू वाजत होतं. अक्का पेटीच्या एका बाजूला, घट्टोबा दुसऱ्या, मधे तो अडकलेला पाटा.

"धाकट्या," अक्का म्हणाली, "मी शब्द दिला होता. होडी दारात आण, येते म्हणाले. तू आणलीस. मी शब्द फिरवणार नाही. ठेवून घ्यायचं तर ठेवून घे."

घट्टोबाने उलथणं चिरीत घातलं आणि शिंपल्याचा एक तुकडा बाहेर काढला. मग दुसरा. सगळं लक्ष त्या चिरीत. वहिनींना खोली आठवत होती, ते दार आठवत होतं, आणि या माणसाने आजवर बसवलेली एकही गोष्ट स्वतःहून सोडलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"तुझ्या मनात काय आहे?" तो शेवटी म्हणाला. मान खालीच.

"माझ्या मनाचं काय विचारतोस?"

"विचारतोय."

अक्काने काठी मांडीवर आडवी घेतली. "तुझ्याकडे आले तर मला काही कमी पडणार नाही रे. ही तुझी बायको मला काडी उचलू देणार नाही. पलंगावर बसायचं, चहा प्यायचा, तुझी वाट बघायची. आणि तिकडे ते पोर जिन्यात बसतंय." ती थांबली. "मला अजून कुणाला तरी घरात घ्यायचंय. दार उघडायचंय कुणासाठी तरी. तुझ्या वेळी जमलं ना? तसं."

घट्टोबाचा हात थांबला. पेटीच्या कडेला त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या, दोन्ही. अक्काला त्या दिसल्या. ती पुढे वाकली आणि त्यांतल्या एका मुठीवर तिने हात ठेवला.

"किती घट्ट धरायचास रे तू. संध्याकाळी केस विंचरताना डोळ्यांतून पाणी यायचं माझ्या."

"मग सांगायचंस ना."

"रोज सांगायचे! तू ऐकलंस कधी?"

घट्टोबा हसला. हसताना त्याचं नाक वाहायला लागलं, ते त्याने बाहीने पुसलं, आणि अक्काने सवयीने पदराचं टोक पुढे केलं.

"जा तू," तो म्हणाला. "माझ्याकडे चार दिवस राहा आणि मग जा. होडी आणली म्हणून यायलाच हवं असं काही नाही."

"आणि शब्द?"

"शब्द... जरा सैल ठेवू."

"काय म्हणालात?" वहिनी उडाल्याच. "परत म्हणा. मला गल्लीत सांगायचंय, आणि कुणी विश्वास ठेवणार नाही."

पाणी वाढलं होतं. होडी वाळूवरून सुटून नांगरावर डुलायला लागली. घट्टोबा पेटीच्या एका टोकाला उलथणं घालून खरवडत होता, आणि अक्काने काठीचं टोक पाट्याच्या वरच्या कडेवर ठेवून भार दिला. "अगं पोरी, तूही दाब," ती म्हणाली, तशा वहिनीही दाबायला लागल्या. चिरीतून एक कुरकुर आली, मग एक करकर, आणि मग पाटा खाडकन खाली गेला. एवढा आवाज झाला की वहिनी किंचाळल्या आणि अक्काची काठी पाट्याबरोबर निम्मी पेटीत गेली. होडी क्षणात शहाणी झाली. तिचं डुलणं वेगळं झालं, पाण्यात पाय रोवल्यासारखं.

नांगर वर आला, शीड चढलं, सुकाणू खाली उतरलं. होडी वाऱ्याला तिरका छेद देत पलीकडे निघाली, सरळ, नाकासमोर. घट्टोबाने सुकाणूचा दांडा अक्काच्या हातात दिला.

"मला कुठे येतंय!"

"नुसता धर. आवळू नकोस. होडी सांगते कुठे जायचंय ते."

अक्काने धरला. लाटेवर पाटा पेटीत थोडा हलायचा, खरवडलेल्या बाजूने, आणि खट खट वाजायचा. घट्टोबा दर आवाजाला कान टवकारायचा. पण लगेच पुन्हा शिडाकडे बघायचा.

धक्क्याच्या शिडीकडे तो वळलाच नाही. शेडच्या बाजूच्या उतारापाशी आला, कणा वर घेतला, आणि होडीचं टोक वाळूवर नेऊन टेकवलं. अक्का कठड्यावरून पाय टाकून उतरली. गल्लीतली निम्मी माणसं तिथे होती, अर्थातच. आडव्या चाललेल्या होडीची बातमी रस्त्याने वळसा घालून होडीच्या आधी पोचली होती.

अक्का चार दिवस राहिली. शिंपीणबाईंना तिने तो अर्धा शिवलेला अभ्रा पुरा करून दाखवला, आणि गल्लीला घट्टोबाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या काही गल्ली मरेपर्यंत पुरवून वापरेल. मग भाची आली. निघताना घट्टोबाने बोचकी गाडीत ठेवली, दार लावलं, आणि काचेवर ठेवलेला हात काढून घेतला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने होडी उतारावर घेतली आणि पेटी उघडून भिंती तासल्या. बोटभर फट ठेवली. आता ती होडी खडखडते, अर्ध्या खाडीला ऐकू जाते, आणि कुणी विचारलं तर तो म्हणतो, "वाजायलाच हवी. वाजतेय म्हणजे मोकळी आहे." मग रंधा काखेत घेऊन तो गल्लीत फिरला. शिंपीणबाईंचा खण, कंपाउंडरचं कपाट, एकेक करून सगळं सैल करून आला. कंपाउंडरचे दंड पुन्हा पूर्वीसारखे होत चाललेत, अशी त्याच्या बायकोची तक्रार आहे. उलथणी आपापल्या स्वयंपाकघरांत परत गेली.

मागच्या खोलीचं दार त्याने सगळ्यांत शेवटी केलं, आणि तिथे जरा जास्तच तासलं. अक्काच्या बोटांत आता जोर नाही, सुट्टीत नातीला घेऊन येईल तेव्हा एका बोटाने उघडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पण ते झालंय असं की आता त्याला बोटाचीही गरज लागत नाही. खाडीवरून जरा वारा आला की दार आपलं आपण उघडतं, आणि पुढच्या खोलीत चहा पीत बसलेला घट्टोबा मान वर करून बघतो.

"कडी लावू का?" वहिनी विचारतात.

"असू दे," तो म्हणतो.